बिली टिप्टन : हसविणारा पियानोवादक

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन शहरात २१ जानेवारी १९८९ रोजी बिली टिप्टन या निवृत्त जॅझ पियानोवादकाचे ७४व्या वर्षी निधन झाले. पोटातील व्रणातून झालेला रक्तस्राव हे निमित्त. धावून आलेल्या वैद्यकीय पथकाने तपासणीसाठी कपडे सैल केले, तेव्हा जवळच असलेल्या दत्तक मुलाला प्रथमच कळले की, आपल्या वडिलांचे शरीर स्त्रीचे होते.

टिप्टन यांचा जन्म २९ डिसेंबर १९१४चा, ओक्लाहोमा सिटीतला; नोंद मुलगी अशी. आईवडील विभक्त झाल्यावर कॅन्सस सिटीत आत्याकडे वाढताना पियानो आणि सॅक्सोफोन हाती आले, जॅझचे वेड लागले. परंतु मंदीच्या त्या दिवसांत वाद्यवृंदात स्त्री वादकाला कोण घेणार? १९३३च्या सुमारास टिप्टन यांनी छातीला पट्टा आवळला, पुरुषी पोशाख चढविला आणि वडिलांचे ‘बिली’ हे टोपणनाव घेतले. आरंभी हा वेश मंचापुरता होता. १९४०पर्यंत मंच आणि घर यांतला भेद संपला. निव्वळ पोटासाठी घेतलेले सोंग मंचाबाहेर, झोपेतसुद्धा, पन्नास वर्षे कोणी वागवत नाही.

रेडिओ, खानावळी, जॉप्लिनचा ‘कॉटन क्लब’ अशी उमेदवारी करीत १९५१मध्ये टिप्टन वॉशिंग्टन राज्यातील लाँगव्ह्यू येथे पोहोचले आणि तिथे ‘बिली टिप्टन ट्रायो’ उभी राहिली. पियानो, ड्रम आणि बास. जॅझच्या जोडीला या त्रिकुटाची खरी पुंजी होती ती विनोदाची. टिप्टन लिबराची आणि एल्व्हिस प्रेस्ली यांच्या नकला करीत, चुटके सांगत, छोटी प्रहसने रंगवीत. या प्रहसनांत ते लहान मुलीची भूमिका हौसेने करीत. प्रौढ स्त्रीची मात्र कधीही केली नाही. त्या काळच्या क्लबांत चालणारी समलिंगी पुरुषांची टिंगलही त्यांच्या विनोदात असे. आज ती खटकते. पण ज्याला स्वतःवर संशय येऊ द्यायचा नाही, त्याच्या हाती ती ढालही असते.

१९५६मध्ये सांता बार्बरा येथील एका क्लबात ‘टॉप्स’ या स्वस्त तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या माणसाने त्यांना हेरले. दोन तबकड्या निघाल्या आणि १९५७मध्ये त्यांच्या १७,६७८ प्रती खपल्या. छोट्या कंपनीच्या मानाने हे यशच. पाठोपाठ आणखी चार तबकड्यांचा प्रस्ताव आला. नेव्हाडातील रीनो येथे हॉटेलचा कायमचा वाद्यवृंद होण्याची आणि ज्याची नक्कल करून हशा पिकविला, त्या लिबराचीच्याच कार्यक्रमाआधी वाजविण्याची संधीही चालून आली. टिप्टन यांनी सारे नाकारले आणि स्पोकेन गाठून कलाकारांना कार्यक्रम मिळवून देणाऱ्या दलालाचे काम पत्करले. मोठ्या प्रसिद्धीबरोबर मोठी चौकशी येते, हे त्यांना उमगले नसेल असे मानणे कठीण आहे. स्थानिक क्लबातले साप्ताहिक वादन तेवढे चालू राहिले.

एकामागून एक पाच स्त्रियांनी त्यांची पत्नी म्हणून संसार केला. मोटार अपघातात बरगड्या मोडल्यामुळे पट्टा बांधावा लागतो, असे टिप्टन सांगत. न्हाणीघराचे दार नेहमी आतून बंद. साठच्या दशकात जिच्याशी घर मांडले, त्या क्लब-नर्तकीबरोबर त्यांनी तीन मुलगे दत्तक घेतले. मुलांच्या स्काउट पथकात रमणारा हा बाप होता. पुढे हे घरही मोडले. सत्तरीच्या दशकाअखेर संधिवाताने बोटे आखडली, पियानो सुटला आणि फिरत्या घरातील दिवस ओढगस्तीचे झाले. प्रकृती ढासळत असतानाही ते डॉक्टरांकडे गेले नाहीत. रहस्याची सर्वांत जबर किंमत ती हीच.

अंत्यविधीच्या दुसऱ्याच दिवशी बातमी फुटली आणि देशभर पसरली. वृत्तपत्रांनी एका रात्रीत ‘तो’चे ‘ती’ केले. १९९८मध्ये डायन मिडलब्रुक यांनी लिहिलेले ‘सूट्स मी’ हे सविस्तर चरित्रही वेशांतराच्याच अंगाने जाते, असा पारलिंगी अभ्यासकांचा आक्षेप आहे. २०२०च्या ‘नो ऑर्डिनरी मॅन’ या माहितीपटात पारलिंगी कलावंत टिप्टन यांची भूमिका करून पाहतात. आणि मृत्युसमयी जवळ असलेला तो मुलगा त्यांच्याविषयी बोलतो, ते वडील म्हणूनच.