मॉरिस बेझार

मॉरिस बेझार (जन्मनाव: मॉरिस-जाँ बेर्जे, १ जानेवारी १९२७, मार्सेय, फ्रान्स – २२ नोव्हेंबर २००७, लोझान, स्वित्झर्लंड) हे फ्रेंच नर्तक, नृत्यदिग्दर्शक व नृत्यशिक्षक होते. ऑपेरागृहांतील मर्यादित रसिकवर्गापुरता राहिलेला बॅले त्यांनी सर्कसचे तंबू, क्रीडागृहे व खुली प्रांगणे येथे नेऊन सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचवला. अभिजात संगीताबरोबरच ध्वनिमुद्रित यंत्रध्वनी, पारंपरिक आशियाई संगीत आणि समकालीन रॉक गीते यांवर त्यांनी नृत्यरचना केल्या. क्वीन या ब्रिटिश वाद्यवृंदाची गीते व मोत्सार्टचे संगीत यांवर आधारलेला 'बॅले फॉर लाइफ' ही त्यांच्या उत्तरायुष्यातील सर्वांत लोकप्रिय निर्मिती होय.

पूर्वायुष्य

बेझार यांचे वडील गास्तों बेर्जे हे फ्रान्समधील नामवंत तत्त्वचिंतक होते. मॉरिस सात वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले. लहानपणी प्रकृती नाजूक असल्याने वैद्यकीय सल्ल्यानुसार त्यांनी नृत्याचे धडे घेण्यास सुरुवात केली आणि पुढे तेच त्यांचे जीवनकार्य ठरले. पॅरिस व लंडन येथे त्यांनी रशियन परंपरेतील शिक्षकांकडे अभिजात बॅलेचे शिक्षण घेतले. बेझार हे आडनाव त्यांनी सतराव्या शतकातील नाटककार मोलिएर यांच्या पत्नीच्या घराण्यावरून घेतले. बॅले हा नाट्यकलेचाच एक भाग आहे ही त्यांची धारणा होती.

१९५५ साली त्यांनी पिएर शेफर व पिएर आंरी या संगीतकारांच्या ध्वनिरचनेवर 'एकाकी माणसाची सिंफनी' सादर केली. या संगीतात वाद्यवृंद नव्हता. पावलांचे आवाज, मानवी स्वर व यंत्रांचे ध्वनी मुद्रित करून ते जोडलेले होते. अशा ध्वनीवर बॅले रचण्याचे हे आरंभीचे महत्त्वाचे उदाहरण मानले जाते.

ब्रसेल्समधील कारकीर्द

१९५९ साली ब्रसेल्सच्या ला मोने या राजकीय नाट्यगृहात बेझार यांनी स्ट्राविन्स्कीच्या 'वसंतविधी' या संगीताची नवी नृत्यरचना केली. मूळ कथेतील कुमारिकेच्या बळीऐवजी त्यांनी स्त्री-पुरुष मीलनाची कल्पना योजली, तसेच भरजरी वेशभूषा टाळून नर्तकांना अंगाबरोबर बसणारा साधा पोशाख दिला. या प्रयोगाच्या यशामुळे १९६० साली 'विसाव्या शतकाचा बॅले' हे नृत्यपथक स्थापन झाले. १९६१ मध्ये राव्हेलच्या संगीतावरील 'बोलेरो' आणि १९६४ मध्ये बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीवरील भव्य निर्मिती रंगमंचावर आली. 'बोलेरो'मध्ये मोठ्या गोल मेजावर एकच मुख्य नर्तक किंवा नर्तकी नाचते आणि सभोवतालचा समूह संगीताच्या चढत्या तीव्रतेबरोबर तिच्याकडे ओढला जातो.

१९६७ साली आव्हिन्यों महोत्सवात सादर झालेल्या 'वर्तमानकाळासाठी मिसा' या रचनेत त्यांनी पिएर आंरी व मिशेल कोलोंबिए यांचे रॉक व इलेक्ट्रॉनिक संगीत वापरले. नर्तक जीन्ससारख्या रोजच्या कपड्यांत होते. नृत्यशाळेत घडवलेली शरीरे त्या काळच्या तरुणांच्या नाचाच्या तालावर हलताना प्रेक्षकांनी पाहिली. बॅले पाहण्याची सवय नसलेला मोठा तरुण वर्ग यानंतर बेझार यांच्या प्रयोगांना येऊ लागला.

१९६८ च्या जून महिन्यात लिस्बन येथील प्रयोगानंतर बेझार यांनी रंगमंचावरून हुकूमशाहीचा जाहीर निषेध केला. त्यामुळे सालाझार राजवटीने त्यांना पोर्तुगालमधून हद्दपार केले.

भारतीय संस्कृतीशी संबंध

१९६८ मध्येच बेझार यांनी पारंपरिक भारतीय संगीतावर 'भक्ती' ही रचना केली. राम-सीता, कृष्ण-राधा व शिव-शक्ती या तीन युगुलांवर तिचे तीन भाग बेतलेले आहेत. १९७० साली ब्रसेल्समध्ये आणि १९९२ साली लोझानमध्ये त्यांनी काढलेल्या नृत्यशाळांना अनुक्रमे 'मुद्रा' व 'रुद्र' अशी संस्कृत नावे देण्यात आली. आन तेरेसा द कीर्समाकर व मागी मारँ या पुढे नामवंत झालेल्या नृत्यदिग्दर्शिका 'मुद्रा'च्या विद्यार्थिनी होत. 'मुद्रा'ची शाखा १९७७ मध्ये सेनेगालमधील डकार येथेही सुरू झाली.

बॅले फॉर लाइफ

ला मोनेच्या संचालकांशी मतभेद झाल्याने १९८७ साली बेझार यांनी ब्रसेल्स सोडले व लोझान येथे 'बेझार बॅले लोझान' हे पथक उभारले. त्यांचे आवडते नर्तक होर्हे डॉन यांचे ३० नोव्हेंबर १९९२ रोजी एड्सने निधन झाले. अर्जेंटिनात जन्मलेले डॉन १९६३ पासून बेझार यांच्यासोबत होते आणि 'बोलेरो'तील मुख्य भूमिकेमुळे जगभर ओळखले जात. त्यापूर्वी वर्षभर आधी, २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, क्वीनचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचा मृत्यूही याच रोगाशी निगडित कारणाने झाला होता. मृत्यूसमयी दोघेही ४५ वर्षांचे होते.

मर्क्युरी यांचे मूळ नाव फारुख बलसारा. झांझिबारमधील पारशी कुटुंबात जन्मलेल्या मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण महाराष्ट्रातील पाचगणी येथे झाले होते. १९७९ साली लंडनमधील एका मदतनिधी कार्यक्रमात ते रॉयल बॅलेच्या नर्तकांसोबत रंगमंचावर उतरले होते.

या दोन अकाली मृत्यूंच्या स्मरणार्थ बेझार यांनी 'बॅले फॉर लाइफ' रचला. वयाच्या ३५ व्या वर्षी निवर्तलेल्या मोत्सार्टचे संगीतही त्यात क्वीनच्या गीतांशेजारी ठेवण्यात आले. वेशभूषा इटालियन वेशकार जान्नी व्हर्साचे यांची होती. डिसेंबर १९९६ मध्ये लोझान येथे पहिला प्रयोग झाला. १७ जानेवारी १९९७ रोजी पॅरिसच्या शायो नाट्यगृहातील प्रयोगाच्या शेवटी क्वीनचे उर्वरित सदस्य व गायक एल्टन जॉन यांनी प्रत्यक्ष गायन-वादन केले. क्वीनचे बास-गिटारवादक जॉन डीकन यांचा वाद्यवृंदासोबतचा तो अखेरचा प्रयोग ठरला.

पडदा उघडतो तेव्हा नर्तक पांढऱ्या चादरींखाली निश्चल पडलेले असतात. गीत सुरू होताच ते उठून नाचू लागतात. रॉक गीतांवरील आवेशपूर्ण समूहनृत्ये आणि मोत्सार्टच्या संगीतावरील संथ प्रवेश यांतून प्रयोग पुढे सरकतो. अखेरीकडे पडद्यावर होर्हे डॉन यांचे जुने चित्रीकरण दिसते. शेवटी नर्तक पुन्हा चादरींकडे वळतात. मृत्यूचा विषय असूनही रचनेत शोकगीताचा सूर अभावानेच आढळतो. तारुण्य, विनोद व उमेद यांवर तिचा भर आहे. गीते आधीच ओळखीची असल्याने बॅलेची परिभाषा न जाणणाऱ्या प्रेक्षकालाही ती कळते.

टीका

बेझार यांच्या कार्याविषयी समीक्षकांत तीव्र मतभेद राहिले. विशेषतः अमेरिकन समीक्षकांना त्यांच्या रचना दिखाऊ व नृत्यदृष्ट्या उथळ वाटत. युरोप व जपानमध्ये मात्र त्यांची लोकप्रियता टिकून राहिली. १९९९ साली त्यांना जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला.

निधन व वारसा

२२ नोव्हेंबर २००७ रोजी लोझान येथे वयाच्या ८० व्या वर्षी बेझार यांचे निधन झाले. त्यांची अखेरची निर्मिती '८० मिनिटांत जगप्रदक्षिणा' ही त्यांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये रंगमंचावर आली. पथकाची धुरा त्यांचे दीर्घकाळचे सहकारी नर्तक जील रोमाँ यांच्याकडे गेली. अकाली गेलेल्या दोन कलावंतांसाठी रचलेला 'बॅले फॉर लाइफ' रचनाकाराच्या पश्चातही त्याच्या पथकाने सादर करणे सुरू ठेवले.