गोळीमागचा माणूस : डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव



दर आठवड्याला बाई आपल्याला वर्गात एक गोळी देतात. लहान वर्गांना गुलाबी, मोठ्या वर्गांना निळी. आपण तिला लोहाची गोळी म्हणतो. पण तिच्यात लोहाच्या जोडीला आणखी एक जिन्नस असतो. त्याचं नाव फॉलिक आम्ल. हे एक जीवनसत्त्व आहे. ते प्रयोगशाळेत तयार करण्याच्या कामाचे नेतृत्व आपल्याच देशातल्या एका माणसाने केले. त्या थोर शास्त्रज्ञाची माहिती मी आज तुम्हाला सांगणार आहे.

यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म 12 जानेवारी 1895 रोजी आंध्रातील भीमावरम या गावी झाला. तेव्हा तो मुलूख मद्रास इलाख्यात होता. सात भावंडांचं कुटुंब, घरची गरिबी. वडील नेहमी आजारी असत आणि सुब्बारावांचं शिक्षण पुरं व्हायच्या आतच ते वारले. लहानपणी सुब्बारावांचं मन अभ्यासात नव्हतं. तेरा वर्षांचे असताना ते घरातून पळाले. काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकायची आणि श्रीमंत व्हायचं, असा त्यांचा बेत होता. अर्ध्या वाटेतून त्यांना परत आणलं. त्यांची आई वेंकम्मा मोठी करारी बाई होती. मुलानं शिकलंच पाहिजे, हा तिचा हट्ट. मॅट्रिकची परीक्षा सुब्बाराव तिसऱ्या खेपेला पास झाले. मित्रांनो, तिसऱ्या खेपेला पास झालेला मुलगा पुढे जगाला औषधं देतो, हे आपण ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

पुढे त्यांनी मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. पैशाची अडचण होतीच. मित्रांनी मदत केली आणि पुढे सासऱ्यांनीही हात दिला. त्या वेळी देशात गांधीजींची चळवळ सुरू होती. सुब्बारावांनी शस्त्रक्रियेच्या वेळी घालायचा झगासुद्धा खादीचा शिवून घेतला. इंग्रज प्राध्यापकांना ते रुचलं नाही. लेखी परीक्षेत चांगले गुण मिळवूनही सुब्बारावांना एम.बी.बी.एस. ऐवजी एल.एम.एस. ही कमी दर्जाची पदवी मिळाली. सरकारी वैद्यकीय नोकरीचं दारही उघडलं नाही.

याच काळात त्यांच्या घरावर मोठं संकट आलं. संग्रहणीच्या रोगाने त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने गेले. संग्रहणीत आतडी अन्नरस नीट शोषून घेत नाहीत. पातळ जुलाब होतात, तोंड येतं, अंगातलं रक्त कमी होत जातं. माणूस जेवतो, पण जेवण अंगी लागत नाही. पुढे हाच रोग सुब्बारावांनाही जडला. ते स्वतः इंग्रजी वैद्यक शिकलेले, पण त्यांना बरं केलं ते डॉ. आचंट लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेदिक उपचारांनी. सुब्बारावांनी मग मद्रासच्या आयुर्वेदिक महाविद्यालयात शरीररचना शिकवण्याची नोकरी धरली. तिथे त्यांनी आयुर्वेदातील औषधांचा अभ्यास सुरू केला. औषधाने गुण येतो हे तर दिसत होतं. पण त्यातला नेमका कोणता घटक गुण देतो आणि तो शरीरात काय करतो, हे त्यांना हवं होतं. त्याचा छडा लावायला मोठी प्रयोगशाळा पाहिजे होती.

म्हणून 1922 साली ते बोटीने अमेरिकेला निघाले. काकिनाड्याच्या एका धर्मादाय संस्थेने आणि सासऱ्यांनी पैसे दिले. बोस्टन शहरातल्या हार्वर्ड विद्यापीठात ते उष्ण देशांतील रोगांचे शास्त्र शिकू लागले. पैसे पुरत नव्हते. डॉक्टर असूनही त्यांनी इस्पितळात रात्रपाळीची हलकी कामं केली. रोग्यांची भांडी उचलायची, ती धुवायची आणि दिवसा पुन्हा वर्गात बसायचं. कामाला कधी कमीपणा मानला नाही.

हार्वर्डमध्ये त्यांनी डॉ. फिस्के यांच्याबरोबर रक्तातले आणि लघवीतले फॉस्फरस मोजण्याची एक सोपी रीत शोधली. मिश्रणाला निळा रंग येतो. रंग जेवढा गडद, तेवढे फॉस्फरस जास्त. 1925 साली प्रसिद्ध झालेल्या या रीतीला आजही फिस्के-सुब्बाराव पद्धत म्हणतात. या मोजमापाच्या नादातच त्यांना स्नायूंमध्ये एटीपी हा पदार्थ सापडला. आपण पळतो, लिहितो, श्वास घेतो, त्या प्रत्येक कामाला लागणारी शक्ती शरीर या एटीपीतून खर्च करतं. जसं बाजारात नाणं चालतं, तसं शरीरात एटीपी चालतं. 1930 साली त्यांना हार्वर्डची पीएच.डी. मिळाली.

1940 साली ते न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली प्रयोगशाळेत गेले आणि तिथे संशोधनाचे प्रमुख झाले. भावांना नेणारी संग्रहणी ते विसरले नव्हते.

आता थोडं मुंबईचं सांगते. 1928 साली डॉ. लूसी विल्स नावाच्या इंग्रज बाई मुंबईला आल्या होत्या. गरोदर कामकरी बायांच्या अंगातलं रक्त इतकं का कमी होतं, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांनी त्या बायांचं रोजचं खाणं तपासलं. त्यांना दिसलं, की गरीब बायांच्या ताटात पौष्टिक असं फारसं काही नसतं. बाईंनी यीस्टपासून केलेला मार्माइट नावाचा स्वस्त पदार्थ खाऊ घातला आणि बायांचं रक्त सुधारलं. 1931 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. यीस्टमध्ये काहीतरी आहे एवढं कळलं, पण ते काय, हे कळलं नव्हतं. दहा वर्षांनी अमेरिकेत दुसऱ्या शास्त्रज्ञांनी चार टन पालकातून तसाच एक पदार्थ थोडासा वेगळा काढला. पानातून मिळाला म्हणून लॅटिन भाषेतल्या पान या शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव पडलं. पण चार टन पालकातून चिमूटभर औषध निघणार असेल, तर ते गोरगरिबांपर्यंत पोचायचं कसं?

इथे सुब्बारावांची कामगिरी आली. त्यांच्या हाताखालच्या शास्त्रज्ञांनी ते यकृतातून शुद्ध रूपात वेगळे केले, त्याची रचना ओळखली आणि 1945 साली ते प्रयोगशाळेत तयार करून दाखवले. आता पालकाचे ढीग नकोत. हवं तेवढं फॉलिक आम्ल कारखान्यात बनू लागलं. संग्रहणीच्या आणि रक्तक्षयाच्या रोग्यांना ते दिल्यावर त्यांची तब्येत सुधारू लागली. ज्या रोगाने घरातली दोन माणसं नेली, त्याच रोगावर त्यांनी औषध आणून ठेवलं.

रक्ताच्या कर्करोगात मात्र उलटं करावं लागलं. त्या रोगातल्या वाईट पेशींना वाढायला फॉलिक आम्लच लागतं. तेव्हा हुबेहूब फॉलिक आम्लासारखा दिसणारा, पण काम बंद पाडणारा पदार्थ त्यांच्या प्रयोगशाळेने बनवला. कुलपात तशीच दिसणारी खोटी किल्ली अडकवावी, तसा हा प्रकार. बोस्टनचे डॉ. फार्बर यांनी तो आजारी मुलांना दिला. 1948 साली त्यांनी कळवलं, की सोळा मुलांपैकी दहा मुलांना काही काळ आराम पडला. तोवर अशा मुलांसाठी काहीच उपाय नव्हता. त्याच जातीचं मेथोट्रेक्सेट हे औषध डॉक्टर अजून वापरतात.

त्यांच्या प्रयोगशाळेतून आणखी दोन मोठी औषधे आली. एक हत्तीरोगावरचं. आपल्या विदर्भात हत्तीरोगाच्या मोहिमेत डी.ई.सी. नावाच्या गोळ्या देतात, त्या हेच औषध. दुसरं ऑरिओमायसिन, म्हणजे टेट्रासायक्लिन घराण्यातलं पहिलं औषध. 1994 साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेगची भीती पसरली, तेव्हा याच घराण्यातल्या गोळ्या लोकांना दिल्या होत्या.

एवढं करूनही सुब्बाराव पुढे पुढे कधी करत नसत. मायदेशी त्यांचं परत येणं झालं नाही. अमेरिकेचं नागरिकत्वही त्यांनी घेतलं नाही. ऑगस्ट 1948 मध्ये वयाच्या 53 व्या वर्षी झोपेतच त्यांचं निधन झालं. 1995 साली त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं.

आता आपल्या घरचं. माझी ताई बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. आरोग्य केंद्रात तपासलं तर रक्त कमी निघालं. गोळ्या मिळाल्या, पण त्यांनी मळमळतं आणि शौचाला काळं होतं, म्हणून ती घाबरली. आजी म्हणाली, गोळ्या राहू देत, मी पालेभाजी आणि काढा देते. मी वाचलेलं सगळं घरी सांगितलं. मग आशाताई आल्या आणि त्यांनी समजावलं. शौचाला काळं होणं लोहामुळे होतं, त्यात भिण्यासारखं नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर गोळी घ्यावी. गोळीच्या आगेमागे चहा घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू किंवा आवळा खाल्ला तर चांगलं लागतं. आजीची पालेभाजीही हवीच. मेथी, पालक, शेवग्याचा पाला, मूग, मटकी, हरभरे, शेंगदाणे, सगळ्यांत फॉलिक आम्ल असतं. भाजी फार शिजवू नये आणि तिचं पाणी ओतून देऊ नये, कारण हे जीवनसत्त्व उष्णतेने नासतं आणि पाण्यात उतरतं. पण रक्त फार कमी असेल तर नुसत्या भाजीने भागत नाही. काढा घ्यायचा असेल तर तोही डॉक्टरांना सांगून घ्यावा. आता आजी भाजी करते आणि रात्री गोळीची आठवणही तीच देते.

पालकांना एक सांगायचं आहे. 1991 साली मोठ्या पाहणीत सिद्ध झालं, की बाळ पोटात राहण्याआधीपासून फॉलिक आम्ल घेतलं तर बाळाच्या मेंदूचे आणि पाठीच्या कण्याचे व्यंग बऱ्याच अंशी टळते. आणि मित्रांनो, जिभेखाली धरून मग गटारात टाकलेली गोळी कुणाच्याच रक्ताला लागत नाही. ती उपाशीपोटी न घेता जेवणानंतर बाईंसमोर गिळावी.

आपल्या घरातलं दुःख ज्यांनी जगाच्या उपयोगी आणलं, त्या डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना माझे विनम्र अभिवादन.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी