आर्कचं कोडं उलगडणाऱ्या हर्था आयर्टन

घरातलं बटण बंद करताना आत बारीकशी ठिणगी चमकलेली तुम्ही पाहिली असेल. सबस्टेशनच्या पॅनेलमध्ये हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर झाली तर? तांब्याच्या दोन पट्ट्यांमधल्या हवेतूनच वीज वाहू लागते, डोळे दिपवणारा प्रकाश पडतो, तांब्याची वाफ होते आणि जवळ उभा असलेला कामगार क्षणात गंभीर भाजतो. हवेतून अशी सतत वाहणारी वीज म्हणजे आर्क आणि हा अपघात म्हणजे आर्क फ्लॅश. आर्क नेमका वागतो कसा, हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बारकाईने मोजणाऱ्या शास्त्रज्ञ होत्या हर्था आयर्टन.

बालपण व शिक्षण

हर्था यांचा जन्म २८ एप्रिल १८५४ रोजी इंग्लंडमधील पोर्ट्सी येथे झाला. मूळ नाव फीबी सारा मार्क्स. वडील पोलंडहून आलेले ज्यू घड्याळजी होते. सारा सात वर्षांची असताना ते वारले. घरात सात मुलं आणि आठवं होणार होतं. आईने शिवणकाम करून संसार ओढला. नऊ वर्षांची झाल्यावर सारा लंडनला मावशीच्या शाळेत शिकायला गेली आणि सोळाव्या वर्षी लोकांच्या मुलांना शिकवून स्वतः कमवू लागली. हर्था हे नाव तिला मैत्रिणीने दिलं आणि तेच पुढे कायम राहिलं.

बार्बरा बोडिशाँ या समाजसुधारक बाईंच्या मदतीने हर्था केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकल्या. १८८० मध्ये परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण पदवी मिळाली नाही. का? तर केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना पदवीच देत नसे! मग त्यांनी लंडन विद्यापीठाची परीक्षा देऊन १८८१ मध्ये बी.एस्सी. मिळवली.

आर्कचा अभ्यास

१८८४ मध्ये हर्था विजेच्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागल्या. शिकवणारे प्राध्यापक विल्यम आयर्टन यांच्याशी १८८५ मध्ये त्यांचं लग्न झालं. पुढे बोडिशाँबाईंनी मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशांतून घरकामाला मदतनीस ठेवता आली आणि संशोधनाला वेळ मिळाला.

तेव्हा रस्त्यांवर आर्कचे दिवे असत. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये आर्क पेटवून प्रकाश मिळवत. पण हे दिवे मध्येच लुकलुकत आणि फुसफुस आवाज करत. हर्थांनी कांड्यांमधलं अंतर आणि विजेचा प्रवाह बदलत शेकडो मोजमापं घेतली. त्यांना आढळलं, की प्रवाह फार वाढला की धन कांडीच्या टोकाचा खळगा पसरतो, हवेतला ऑक्सिजन तिथे पोचतो आणि तापलेला कार्बन जळू लागतो. फुसफुस होते ती याचमुळे.

याहून महत्त्वाचं म्हणजे आर्कचा व्होल्टेज, प्रवाह आणि लांबी यांना जोडणारं सूत्र त्यांनी मांडलं. साध्या तारेत प्रवाह वाढला की व्होल्टेज वाढतो ना? शांतपणे जळणाऱ्या आर्कमध्ये नेमकं उलटं! प्रवाह वाढला की व्होल्टेज कमी होतो. म्हणजे आर्क स्वतःला आवर घालत नाही. वीज मिळत राहिली, की तो जळत राहतो.

रिलेशी काय संबंध?

मग त्याला थांबवायचं कुणी? हे काम रिलेचं. रिले बिघाड ओळखतो आणि सर्किट ब्रेकरला ट्रिप होण्याचा हुकूम देतो. पण इथे एक मेख आहे. आर्कचा स्वतःचा रोध असतो, म्हणून दोन पट्ट्या थेट चिकटल्यावर जेवढा प्रवाह वाहतो त्याहून तो आर्कमध्ये कमी असतो. काही रिले प्रवाह कमी असला की जास्त वेळ थांबतात. मग आर्क तेवढा वेळ जळतो. वेळ दुप्पट, तर बाहेर पडणारी उष्णताही साधारण दुप्पट! म्हणूनच आज इंजिनियर आर्कचा प्रवाह आधी हिशोबाने काढतात, मग रिलेची वेळ ठरवतात आणि कामगाराने कोणता संरक्षक पोशाख घालायचा तेही ठरवतात. काही रिले तर आर्कचा प्रकाश पाहूनच वीज तोडतात. हर्थांचे प्रयोग कार्बनच्या कांड्यांवर आणि एकदिश प्रवाहावर होते. पुढच्या संशोधकांनी धातूंवर आणि प्रत्यावर्ती प्रवाहावर प्रयोग करून नवी सूत्रं बांधली. तरीही पायाच्या दगडांमध्ये एक दगड हर्थांचा आहेच.

बंद दारं आणि सन्मान

१८९९ मध्ये लंडनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे स्वतःचा शोधनिबंध वाचणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या आणि संस्थेने त्यांना सभासदही करून घेतलं. रॉयल सोसायटीत मात्र १९०१ मध्ये त्यांचा निबंध जॉन पेरी यांना वाचावा लागला. १९०२ मध्ये 'द इलेक्ट्रिक आर्क' हा त्यांचा ग्रंथ आला. त्याच वर्षी सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्यांचं नाव सुचवलं गेलं, पण विवाहित स्त्रीला कायद्याने सदस्य होता येत नाही, असं सांगून ते नाकारण्यात आलं. हर्था थांबल्या नाहीत. १९०४ मध्ये वाळूवर उठणाऱ्या लहरींवरचा निबंध त्यांनी तिथेच, स्वतः वाचला. १९०६ मध्ये त्याच सोसायटीने त्यांना ह्यूज पदक दिलं!

स्त्रियांच्या मतदानाच्या हक्कासाठीही त्या लढल्या. पहिल्या महायुद्धात खंदकांतला विषारी वायू हटवण्यासाठी त्यांनी हाताने चालवायचा पंखा तयार केला. असे १ लाखाहून अधिक पंखे सैनिकांना दिले गेले. २६ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांचं निधन झालं. रॉयल सोसायटीने पहिल्या स्त्री सदस्य निवडल्या त्या १९४५ मध्ये, आणि केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ मध्ये.

मुलांनो, विजेच्या पॅनेलवरचं धोक्याचं चिन्ह दिसलं, की लांबच उभे राहा. आणि आतल्या रिलेला वीज तोडायची घाई का असते, हे कुणी विचारलं, तर हर्थाबाईंच्या आर्कची गोष्ट त्यांना नक्की सांगा.