शाळेची तपासणी न सांगता करा! शिक्षकांच्या कामाबद्दल जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रजांना काय सांगितलं होतं?

सोलापूर जिल्ह्यात अक्कलकोटची शाळा असो की करमाळ्याची, साहेब येणार असा निरोप आला की धावपळ ठरलेली. फळा स्वच्छ, वह्या तपासलेल्या, भिंतीवरचे तक्ते सरळ. साहेब गेले की पुन्हा रोजचं सुरू.

या प्रकारावर एका माणसाने १८८२ सालीच बोट ठेवलं होतं. त्यांचं नाव जोतीराव गोविंदराव फुले.

फुल्यांचा जन्म १८२७ चा. आई चिमणाबाई लवकर गेल्या. शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झालं. १८४८ मध्ये भिडेवाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली, हे आपल्याला माहीत असतं. सावित्रीबाईंना घरी शिकवून त्यांनी शिक्षिका म्हणून उभं केलं, हेही. पण फुले स्वतः वर्गात शिकवायचे, मास्तर शोधायचे आणि शाळेचा खर्चही जमवायचे, हे आपण विसरतो. १८५२ मध्ये सरकारने त्यांचा जाहीर सत्कार केला. पुढे ते बांधकामाच्या ठेक्यांत उतरले, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि १८७६ पासून पुणे नगरपालिकेत सदस्य होते.

१८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग आला. फुल्यांनी ऑक्टोबरमध्ये त्याला लेखी निवेदन दिलं. त्यात त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य अशी दिली. मुलांना १२ वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी गाजली. शिक्षकांबद्दलचा भाग मात्र फारसा कुणी वाचत नाही.

डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो, त्याचा काही उपयोग नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी आणि मध्येच अचानक, न कळवताही व्हावी.

कडक वाटतं ना? पण त्याच निवेदनात शिक्षकाच्या पोटाचाही विचार होता. गावातल्या मास्तराला महिना १२ रुपयांपेक्षा कमी पगार नको, मोठ्या गावात १५ ते २० द्या. ज्याची जास्त मुलं पास होतील त्याला पगाराशिवाय वेगळा भत्ता द्या. शिक्षक प्रशिक्षित हवेत आणि शक्यतो शेतकरी समाजातले हवेत, म्हणजे ते गावात मिसळतील. वेळ आली तर नांगर धरायला न लाजणारा मास्तर त्यांना हवा होता. तेव्हाचे बहुतेक शिक्षक ब्राह्मण होते आणि ते इतर मुलांपासून अंतर ठेवतात, हा त्यांचा जुना आक्षेप होता.

आता खरी गंमत. निकालावर भत्ता मागणारे हेच फुले निकालावर शाळेचं अनुदान ठरवायला मात्र विरोध करत होते. इंग्लंडमध्ये १८६२ पासून ती पद्धत होती: मुलं परीक्षेत किती पास झाली आणि किती हजर राहिली, त्यावर शाळेला पैसे. मुंबई इलाख्यातही खासगी शाळांना निकालावर अनुदान मिळायचं. फुल्यांचा मुद्दा साधा होता. ज्या घरात शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथे निकालावर पोट भरायचं ठरवलं तर शाळा काढायला कोण जाईल? गरिबांसाठी सरकारनेच शाळा काढाव्यात. म्हणजे निकाल चांगला लागला तर बक्षीस जरूर द्या, पण शाळा जगणार की मरणार हे निकालावर टांगू नका. आज गुणवत्तेचे तक्ते बघताना हा फरक हमखास सुटतो, असं मला वाटतं.

त्यांची एक सूचना आजच्या गुरुजींना अजिबात आवडणार नाही. मास्तरांकडे गावच्या हिशेबाची तपासणी, दस्तनोंदणी, टपाल किंवा स्टॅम्पविक्री ही कामंही द्यावीत, असं फुले म्हणाले होते. त्याने गावात मास्तरांचा मान वाढेल, हा हिशेब होता. आज शिक्षकांची मोठी तक्रार नेमकी अशाच कामांची आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक कामं द्यायला मनाई केली आहे. फुल्यांच्या काळात मास्तराकडे मान कमी होता, आज वेळ कमी आहे.

आयोगाने प्राथमिक शाळा स्थानिक बोर्डांकडे द्यायला सांगितलं. सक्ती मात्र सरकारने केली नाही. मुंबई इलाख्यात तसा पहिला कायदा १९१८ मध्ये आला, तोही फक्त नगरपालिकांपुरता.

फुल्यांना ते दिसलं नाही. १८८८ मध्ये मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचं उजवं अंग लुळं पडलं. मग त्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली आणि आपलं शेवटचं पुस्तक पूर्ण केलं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात ते वारले. पुस्तक छापून आलं ते त्यानंतर.