विश्लेषण : ‘बॉयकॉट’ हे मुळात कोणाचे आडनाव? त्याचा अर्थ ‘बहिष्कार’ कसा झाला?

कधी चित्रपट, कधी मोबाइल, तर कधी एखादा देश. समाजमाध्यमांवर ‘बॉयकॉट’चा हॅशटॅग सतत फिरत असतो. क्रिकेटप्रेमींना जेफ्री बॉयकॉटमुळे हे आडनाव परिचित आहे. मात्र इंग्रजीला हा शब्द मिळाला तो दुसऱ्याच एका बॉयकॉटमुळे.

कोण होता चार्ल्स बॉयकॉट?

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉटचा जन्म १२ मार्च १८३२ रोजी इंग्लंडमधील नॉरफोकमध्ये एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. काही काळ लष्करात काढून तो आयर्लंडमध्ये शेती करू लागला. ‘कॅप्टन’ हा त्याचा हुद्दा नव्हता. लोकच त्याला तसे म्हणत. १८७० च्या दशकात तो मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी झाला. कुळांकडून खंड वसूल करायचा आणि तो थकला की जमीन सोडण्याची नोटीस काढायची, हे त्याचे काम. क्षुल्लक कारणांवरून दंड लावत असल्याने तो कुळांना नकोसा झाला होता.

१८८० मध्ये काय घडले?

नापिकीमुळे कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. लॉर्ड अर्न १० टक्क्यांवर अडून राहिला. सप्टेंबरमध्ये ‘आयरिश लँड लीग’चे अध्यक्ष चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल यांनी शेतकऱ्यांना नवा मार्ग सुचवला : काढून टाकलेल्या कुळाची जमीन जो घेईल, त्याला मारहाण न करता वाळीत टाका.

काही दिवसांतच बॉयकॉटच्या नोटिसा निघाल्या आणि हे हत्यार त्याच्यावरच चालले. गडी-नोकर काम सोडून गेले, दुकानदारांनी माल नाकारला, टपालही अडले. अखेर पीक काढायला बाहेरून सुमारे ५० मजूर आणि त्यांच्या संरक्षणासाठी सुमारे एक हजार सैनिक व पोलीस आले. अंदाजे ५०० पौंडांच्या पिकापायी १० हजार पौंड खर्च झाल्याचे सांगितले जाते. नोव्हेंबरअखेर बॉयकॉटने मेयो सोडले.

शब्द कसा रुळला?

वाळीत टाकण्यासाठी इंग्रजीत ‘ऑस्ट्रसाइज’ हा शब्द होता, पण तो शेतकऱ्यांना जड जाईल म्हणून स्थानिक धर्मगुरू जॉन ओ’मॅली यांनी ‘बॉयकॉट’ सुचवला, असे मानले जाते. वृत्तपत्रांनी तो लगेच उचलला. फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांतही तो गेला. १८८१ च्या जमीन कायद्याने आयर्लंडमध्ये न्यायालयाकडून वाजवी खंड ठरवून घेण्याची सोय झाली. बॉयकॉट १८८६ पासून इंग्लंडमध्ये सफोक येथे कारभारी होता. १९ जून १८९७ रोजी त्याचे निधन झाले.

आज अर्थ कोणते?

मूळ अर्थ माणसाला वाळीत टाकण्याचा. पुढे तो वस्तूंना लागू झाला. १९०५ च्या वंगभंगानंतर विदेशी मालावरील बहिष्कार हा टिळकांच्या चतुःसूत्रीचा भाग होता. सहभाग नाकारणे हा तिसरा अर्थ, उदाहरणार्थ १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकवरील अमेरिकेचा बहिष्कार.

माल किंवा सहभाग नाकारणे हा ज्याच्या-त्याच्या निवडीचा भाग. पण जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मेयोत हे हत्यार कुळांनी सत्ता असलेल्यावर उगारले होते. जातपंचायत ते दुबळ्यावर उगारते. शब्द एकच असला, तरी तो कोण कोणाविरुद्ध वापरतो यावर त्याचा अर्थ ठरतो.