फर्मींचं चक्रवाढ व्याज

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा सेक्रेटरींचा आग्रह. माझा जन्म बँकेत गेला, पण बी.एस्सी.ला फिजिक्स होतं. तेव्हापासून मनात घर करून बसलेल्या एन्रिको फर्मींविषयी लिहितो.

फर्मी १९०१ साली रोममध्ये जन्मले. तेरा वर्षांचे असताना, घशाच्या साध्या शस्त्रक्रियेत थोरला भाऊ गेला. ते दुःख त्यांनी पुस्तकांत बुडवलं. १९३८ साली नोबेल मिळालं. पत्नी ज्यू, आणि इटलीत ज्यूविरोधी कायदे आलेले. पारितोषिक घ्यायला सहकुटुंब गेले ते मायदेशी न परतता अमेरिकेला. १९४२ साली शिकागोत त्यांनी पहिली अणुभट्टी चालवली, हे बहुतेकांना माहीत असतं. मला मात्र त्यांचा १९४९ चा वैश्विक किरणांवरचा निबंध जवळचा वाटतो.

अवकाशातून पृथ्वीवर सतत कणांचा वर्षाव होतो, त्यात मुख्यतः प्रोटॉन. त्यांच्यात एवढी प्रचंड ऊर्जा येते कुठून? फर्मी म्हणाले, ताऱ्यांच्या मधल्या जागेत चुंबकीय क्षेत्र घेऊन फिरणारे वायूचे ढग आहेत. समोरून येणाऱ्या ढगावरून कण परतला की ऊर्जा वाढते, पळत्या ढगावरून परतला की घटते. पण समोरासमोरच्या टकरी जास्त होतात, म्हणून शेवटी शिल्लक वाढतीच. शिवाय वाढ असलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात, म्हणजे चक्रवाढ व्याजच की! बहुतेक कणांचं खातं लवकर बंद होतं. फार थोडे टिकतात, तेच अतिश्रीमंत होतात. आकाशगंगेत भटकताना त्यांची वाट इतकी वळते, की आलेल्या दिशेवरून मूळ गाव सांगता येत नाही.

या हिशोबात एक फरक राहत होता. किरणांत जड अणुकेंद्रंही सापडतात, ती कशी, हे नीट जुळेना. फर्मींनी ही अडचण निबंधाच्या सुरुवातीलाच लिहून टाकली. आमच्या भाषेत, सस्पेन्स खात्यात उघड दाखवली.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या कॅशमध्ये नव्वद रुपये कमी भरले. मी ते खिशातून भरले आणि गप्प बसलो. चूक कुठे झाली, ते मग कधीच कळलं नाही.

फर्मी १९५४ साली कर्करोगाने गेले, अवघे त्रेपन्न वर्षांचे. पुढे १९७७-७८ मध्ये इतरांनी दाखवलं, की ताऱ्याच्या स्फोटातून निघालेल्या आघातलाटेपाशी प्रत्येक फेरीत फायदाच होतो. व्याजाचा दर तिथे खूप चढा. २०१३ साली स्फोट झालेल्या ताऱ्यांच्या दोन अवशेषांत वेगवान प्रोटॉनचा पुरावा सापडला. तो शोधणाऱ्या अवकाश दुर्बिणीचं नाव फर्मी.

फरक उघडा ठेवला, म्हणून तर पुढच्यांना शोधता आला.