स्वाभिमानी चित्रकार कूर्बे

गुस्ताव्ह कूर्बे याचा जन्म १८१९ साली फ्रान्समधील ऑर्नां या गावी झाला. त्या काळी देवदेवता, राजे व वीरपुरुष हेच भव्य चित्रांचे योग्य विषय मानले जात. कूर्बेने मात्र आपल्या गावातील एका सामान्य माणसाचा दफनविधी साडेसहा मीटर रुंदीच्या पटावर रंगविला. साध्या ग्रामस्थांना एवढा मान दिलेला पाहून अनेक टीकाकार संतापले.

१८५५ साली पॅरिस येथे मोठे जागतिक प्रदर्शन भरले. परीक्षकांनी कूर्बेची ११ चित्रे स्वीकारली. परंतु हे चित्र व ‘चित्रकाराची कार्यशाळा’ ही त्याची प्रचंड नवी कृती नाकारली. कूर्बे खचला नाही. प्रदर्शनाजवळच त्याने स्वतःचा मंडप उभारला व त्यात सुमारे ४० चित्रे मांडली. प्रेक्षक थोडेच आले. प्रवेशमूल्यही निम्म्यावर आणावे लागले. एके दिवशी मात्र देलाक्र्वा हा ज्येष्ठ चित्रकार तेथे आला. त्या ओस मंडपात तो जवळजवळ तासभर एकटाच चित्रे पाहत राहिला. परीक्षकांनी अव्हेरलेली ‘कार्यशाळा’ त्याला असामान्य वाटली.

पुढे १८७० साली सरकारने देऊ केलेला बहुमानही कूर्बेने स्वीकारला नाही. कलेचा न्याय करणे हे राज्यसत्तेचे काम नव्हे, अशी त्याची धारणा होती. १८७७ साली स्वित्झर्लंडमध्ये परागंदा अवस्थेत त्याचा अंत झाला. परीक्षकांनी नाकारलेली ती दोन्ही चित्रे आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाचे भूषण ठरली आहेत.